इंदूअक्कांच्या छातीतलं घोडं

इंदूअक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्यांनी चहाचा कप माझ्या हातात दिला, "बसा बाई, आलेच," म्हणाल्या आणि अंगावरच्या लुगड्यानिशी विहिरीत उतरल्या.

भांडगावच्या शाळेत विज्ञान शिकवायला मी नुकतीच रुजू झाले होते. हमरस्त्यापासून आत, उसाला लागून असलेल्या एका घराच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत असं कळलं, म्हणून बघायला गेले होते. आधी पाण्याचा मोठा आवाज आला. मग काहीच नाही. कप तसाच हातात धरून मी धावत विहिरीच्या काठावर गेले. हिरव्या पाण्यात खोलवर एक केशरी लुगडं पसरलं होतं आणि अगदी सावकाश हलत होतं. मी ओरडणार तेवढ्यात ते वर आलं. अक्कांनी तोंडावरचं पाणी निपटलं, मानेवर दोन बोटं ठेवली, डोळे मिटून जरा वेळ काहीतरी ऐकल्यासारखं केलं आणि हसल्या.

"आलं ठिकानावर. चहा निवला का तुमचा?"

खोल्या मी त्याच दिवशी घेतल्या. चार वर्षं तिथं राहिले.

अक्का तेव्हा पंचावन्नच्या होत्या. अंगानं शिडशिडीत, पण खांदे गड्यासारखे रुंद. माहेर शिरूर तालुक्यातलं, भीमेच्या काठचं. चालायच्या आधी पोहायला शिकले असं सांगायच्या. बोलणं फार संथ. वाक्य सुरू करायच्या आणि मध्येच उसावरून वारा कसा जातो ते बघत राहायच्या. आपण विसरून गेलो की पुढचं अर्धं वाक्य यायचं. सकाळी मी अंगणात दात घासत असले की त्या शेजारी येऊन रात्रीचं स्वप्न सांगायच्या, तेही पेपरातली बातमी सांगावी तसं.

"आज काय झालं बाई, समदं गाव पाण्याखाली. पन कुनी बुडालं न्हाई. समदी आपापल्या कामाला चाललेली. म्हशी, पोरं, टॅक्टर. आवाज तेवढा नव्हता कशाचा."

"मग?"

"मग काय? जागी झाले."

रविवारी सकाळी गावातल्या मुली विहिरीवर यायच्या. अक्का त्यांच्या पाठीला रिकामा प्लॅस्टिकचा कॅन बांधून त्यांना पोहायला शिकवायच्या. पोरगी घाबरली की ओरडायच्या नाहीत. तिच्याजवळ पाण्यात नुसत्या उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "घाई कुनाला हाय?" मलाही त्यांनीच शिकवलं, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, कॅन बांधून.

पहिल्या दिवशीच्या त्या उडीचा अर्थ मला हळूहळू कळला. अक्कांचं हृदय मध्येच धावत सुटायचं. त्या त्याला 'घोडं सुटलं' म्हणायच्या. भाकरी थापताना, ओसरीवर नुसतं बसलेलं असताना, कधीही. "छातीत कायतरी उडी मारतंय, आन् मग थांबतच न्हाई बघा. मानंची शीर नुसती उडती. डोळ्यापुढं पांढरं पांढरं हुतं." महिन्यातून एकदा, कधी दोनदा. घोडं सुटलं की अक्का हातातलं काम टाकून विहिरीच्या पायऱ्या उतरायच्या, श्वास रोखून गार पाण्यात तळापर्यंत जायच्या आणि वर येईपर्यंत ते थांबलेलं असायचं. सुटायचं तसंच एकदम थांबायचं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की बादलीत तोंड बुडवायच्या. पण बादलीनं कधी भागायचं, कधी नाही.

हे त्यांना चौदाव्या वर्षापासून होतं. लग्न होऊन भांडगावला आल्या तेव्हा सासूनं देवऋषी आणला. तो म्हणाला, हिला पाण्यातलं लागलंय, हिला पाण्याजवळ जाऊ देऊ नका. वर्षभर विहीर बंद. घोडं सुटलं की अक्का माजघरात भिंतीला पाठ लावून बसायच्या. कधी तास, कधी तीन तास. एका दुपारी त्या उठल्या आणि सरळ विहिरीकडे चालू लागल्या. सासू मागं धावली आणि काठावर उभी राहून बघत राहिली. अक्का वर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा तिनं पाहिला. त्या दिवसापासून ती असेपर्यंत विहिरीच्या काठावर एक कोरडं लुगडं घडी घालून ठेवलेलं असायचं.

"तिला काय कळलं ते म्या कवा इचारलं न्हाई," अक्का म्हणाल्या. "पन तिला कळलं हुतं."

कळलं नव्हतं ते आप्पांना. आप्पा म्हणजे अक्कांचे यजमान. दोनदा गावच्या सोसायटीचे चेअरमन, आवाज खणखणीत, स्वभावानं वाईट नाही. मला म्हणायचे, "बाई, तिचं तुमी मनावर घिऊ नका. लग्नापासनंच हाय तिचं ते." त्यांचीही चूक म्हणता येत नव्हती. तीन-चार डॉक्टर झाले होते. दर वेळी दवाखान्यात पोचेपर्यंत अक्कांनी कुठंतरी पाणी गाठलेलं असायचं किंवा घोडं आपोआप थांबलेलं असायचं. ईसीजी काढला की ठाकठीक. मग ताकदीचं टॉनिक, झोपेच्या गोळ्या आणि 'मनाला लावून घेऊ नका'.

सगळ्यात वाईट झालं ते पारगावच्या पुलाजवळ. अक्का एसटीनं माहेरी चालल्या होत्या, एकट्याच. केडगाव मागं पडलं आणि घोडं सुटलं. पुढं भीमा दिसली. त्यांनी घंटी मारून गाडी थांबवली, पिशवी सीटवरच राहिली, आणि काठाचा उतार उतरून त्या नदीत शिरल्या. पलीकडं दोन माणसं जाळं वाळवत होती. बाई जीव द्यायला आली असं समजून दोघांनी उड्या टाकल्या आणि अक्कांना ओढून बाहेर काढलं. अक्का सांगत होत्या, अहो मी बरी आहे, सोडा मला. कोण ऐकणार? संध्याकाळपर्यंत भांडगावात बातमी आली: चेअरमनच्या बायकोनं नदीत उडी मारली.

सोसायटीची निवडणूक तोंडावर होती. आठ दिवस आप्पा घरात ताटाकडं बघत जेवायचे. अक्का म्हणाल्या, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

तेव्हापासून अक्का गाव सोडून कुठं गेल्या नाहीत. लग्नकार्य नाही, माहेर नाही. त्यांची एकुलती मुलगी मंगल, भुसावळला दिलेली. तिचं दुसरं बाळंतपण तिकडंच झालं. "आई, तू ये, मला तूच पाहिजेस," म्हणून तिनं किती फोन केले. अक्का गेल्या नाहीत. एवढा लांबचा प्रवास, गाडीत पाणी कुठलं? मंगलला ते पटलं नाही. "तुला विहीर माझ्यापेक्षा जास्त झाली," असं म्हणून तिनं फोन ठेवला. मी राहायला गेले तेव्हा त्याला तीन वर्षं झाली होती. मंगल फोन करायची, पण आप्पांना.

शाळेत मी मुलांना हृदयाचे कप्पे शिकवत होते आणि घरी आल्यावर अक्कांची मानेवरची दोन बोटं बघत होते. शेवटी दौंडला एक तरुण डॉक्टरीणबाई आल्यात, हृदयाचं शिकून, असं ऐकलं आणि मी अक्कांच्या मागं लागले. आप्पांनी गाडी काढली. मागच्या सीटवर पाण्यानं भरलेली बादली. भांडगाव ते दौंड ती बादली मी दोन्ही पायांत धरून बसले होते.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही घड्याळ बघितलं नाही. मग म्हणाल्या, "अक्का, थंड पाण्यात श्वास धरून तोंड घातलं की हृदयाची गती उतरते. हा खरा उपाय आहे. आम्ही पेशंटला बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवायला सांगतो. तुमचं तुम्ही शोधून काढलंत."

अक्का टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी मी येडी नव्हते."

"अजिबात नाही. पण विहिरीत एकटीनं उतरणं आता बंद. पाण्यात चक्कर आली तर कोण काढणार? आणि एक करायला पाहिजे. ते धावत असताना त्याचा कागद निघाला पाहिजे. त्याशिवाय कुठलं औषध द्यायचं, पुढं काय करायचं, ते पक्कं ठरत नाही."

आधी चोवीस तासांचं यंत्र छातीला लावून झालं. त्या दिवशी घोडं हललंसुद्धा नाही. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढच्या वेळी सुटलं की पाण्यात जाऊ नका, सरळ इकडं या. छातीत दुखलं, घेरी आली, तर मात्र दौंडची वाट बघू नका, वाटेत दिसेल त्या दवाखान्यात शिरा.

पाण्यात जाऊ नका. म्हणायला सोपं होतं.

दीड महिन्यानं, एका रविवारी सकाळी, मुलींचं पोहणं चाललं होतं. अक्का पायरीवर गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या आणि एका पोरीला हात मारायला शिकवत होत्या. मी वर काठावर होते. बोलता बोलता त्यांचा हात मानेकडं गेला. मला कळलं. एक पाऊल पुढं टाकलं असतं की घोडं थांबलं असतं. अक्कांनी पाण्याकडं बघितलं. मग पाठ फिरवली आणि एकेक पायरी चढून वर आल्या.

"पोरींनो, समद्या भाईर या," त्या म्हणाल्या. "बाई, ह्यांना हाक मारा. आज पान्यात न्हाई जायचं."

तो प्रवास मी विसरणार नाही. अक्का मागच्या सीटवर माझ्या खांद्याला टेकून बसल्या होत्या, डोळे मिटून. मानेची शीर माझ्या डोळ्यांपुढं फडफडत होती. कपाळावर घाम. चौफुला गेलं. पाटसच्या अलीकडं उसाचे ट्रॅक्टर आडवे आले आणि गाडी थांबली. आप्पांनी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

"मारू का पानी तोंडावर? अगं बाटली हाय!"

"नगं."

"मरशील की अशानं!"

"चाळीस वर्सांत न्हाई मेले," अक्का डोळे न उघडता म्हणाल्या. "आज तुमच्यादेखत कशी मरंन?"

पुढं कालवा आला. भरून वाहत होता. अक्कांनी डोळे उघडले, पाणी बघितलं आणि मान माझ्या खांद्यात खुपसली. कालवा मागं पडेपर्यंत त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतलेली होती.

दवाखान्यात पोचलो तेव्हा घोडं धावतच होतं. छातीला वायरी लागल्या, यंत्रातून कागदाची पट्टी सरसर बाहेर आली. डॉक्टरीणबाईंनी ती हातात धरली. "सापडलं," त्या म्हणाल्या. पडद्यावर ठोक्यांचा आकडा होता, मिनिटाला एकशे शहाण्णव. आप्पा पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी आकडा वाचला, परत वाचला आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

आधी डॉक्टरीणबाईंनी अक्कांना एक रिकामी सिरिंज दिली आणि तोंडानं जोरात फुंकून तिचा दट्ट्या ढकलायला सांगितलं. मग त्यांना झटकन आडवं करून डॉक्टरीणबाई आणि नर्स अशा दोघींनी पाय वर उचलले. यानंही पुष्कळांचं थांबतं म्हणे. अक्कांचं थांबलं नाही. "आता शिरेतून इंजेक्शन देते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही सेकंद फार चमत्कारिक वाटेल. छाती आवळेल, जीव जातो की काय असं वाटेल. पण ते जातं. मी इथंच आहे."

इंजेक्शन गेलं. अक्कांचा चेहरा लाल झाला, तोंड उघडलं. आणि पडद्यावरची ती वेडीवाकडी धावणारी रेघ सरळ झाली. अगदी सरळ. खोलीत कुणी हललं नाही. आप्पांच्या हातून टोपी पडली ती त्यांना कळली नाही. मग रेघेवर एक टेकडी उठली. मग जरा थांबून दुसरी. मग सावकाश, एकामागून एक.

घरी येताना अक्कांनी मला त्याबद्दल सांगितलं. "आधी लई घाबरले. वाटलं, संपलं. मग समदं थांबलं. तुमी दिसत हुता, हे दिसत हुते, पन लांब, पान्याच्या वरती असल्यागत. आन् मला वाटलं, मी काय चालवत न्हाई आता. श्वास न्हाई, काळीज न्हाई, काय न्हाई. मग त्यानंच परत सुरवात केली. म्या न्हाई केली. त्याचं त्यानंच केली." पुढं पाटस येईपर्यंत त्या खिडकीतून उसाचे तुरे बघत होत्या. "किती येळ हुतं ते?"

"चार-पाच सेकंद असतील, अक्का."

"न्हाई. लई येळ हुतं."

आप्पा गाडी हळू चालवत होते. कागदाच्या पट्टीची घडी त्यांच्या वरच्या खिशात होती. घरी आल्यावर त्यांनी ती ओसरीवर उलगडली आणि बसून राहिले. "एकशे शहाण्णव," ते मला म्हणाले. "आन् मी हिला म्हनायचो, उगी बस." मग त्यांनी मला त्या पट्टीचा फोटो काढायला लावला, तो मंगलला पाठवायला लावला आणि बोलून निरोप पाठवला: "मंगल, हे तुझ्या आईचं काळीज. बघ."

तासाभरानं फोन आला. आप्पांचा नाही, अक्कांचा वाजला. अक्कांना बटणं नीट जमत नसत, त्यामुळं आवाज सगळ्या ओसरीला ऐकू येत होता. मंगल म्हणाली, "आई, दुखायचं का गं?"

"दुखायचं न्हाई," अक्का म्हणाल्या. "येकटं वाटायचं."

मी उठून आत गेले. मागं दोघी किती वेळ बोलत होत्या, का नुसत्याच रडत होत्या, मला माहीत नाही.

गोळ्या सुरू झाल्या. पण त्यांनी अक्कांना दिवसभर गुंगल्यासारखं व्हायचं, पाय जड पडायचे, आणि घोडं अधूनमधून सुटायचंच. डॉक्टरीणबाईंनी पुण्याला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर हृदयाचं चित्र काढून दाखवलं: ठोक्याच्या विजेला जायला एकच वाट पाहिजे, यांना दोन आहेत, वीज कधीकधी त्या दोन वाटांतच गोल फिरत राहते. मांडीच्या शिरेतून बारीक तार आत नेऊन ती जादा वाट जाळून टाकायची. धोका थोडाच, पण अगदी क्वचित नेहमीची वाटही दुखावते, मग पेसमेकर बसवावा लागतो. आप्पा म्हणाले, गोळ्या बऱ्या. अक्का म्हणाल्या, "वाट जाळा."

तार आत घालताना त्यांना पूर्ण झोपवलं नव्हतं, ते अक्कांनीच नंतर सांगितलं. डॉक्टरांनी मुद्दाम घोडं सोडलं, ते कुठून धावतं ते बघायला. "हेच का अक्का, तुमचं नेहमीचं?" त्यांनी विचारलं. अक्का म्हणाल्या, "हेच. वळखीचं हाय." मग डॉक्टरांनी जाळलं आणि परत सोडायचा प्रयत्न केला, दोनदा, तीनदा. ते सुटलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना घरी आणलं. मांडीला एक टिकलीएवढी जखम.

महिन्याभरानं डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा अक्का विहिरीत उतरल्या. बराच वेळ उताण्या तरंगत होत्या, कान पाण्यात, डोळे आभाळाकडं. वर आल्यावर मी विचारलं, कसं वाटतंय.

"आता मी नुसतीच पवते," त्या म्हणाल्या. जरा ओशाळल्यासारखं म्हणाल्या. चाळीस वर्षांत असं कधी झालंच नव्हतं.

त्याच आठवड्यात त्यांनी मला एक स्वप्न सांगितलं. त्या पारगावच्या पुलाखाली नदीत आहेत, आणि ती जाळंवाली दोन माणसं काठावर उभी आहेत. "पन पळत न्हाईत बाई. उभीच हायती. हात हलवत्यात."

पुढं माझी बदली शिरूरला झाली. अक्का गेल्या त्याला आता वर्ष होईल. हृदयाचा काही संबंध नव्हता. पोटाचं दुखणं निघालं आणि दोन महिन्यांत सगळं आटपलं. मला निरोप उशिरा मिळाला, मी पोचले तेव्हा भांडगावात कुणी रडतही नव्हतं, सगळे थकून बसले होते. त्यामुळं माझ्याकडं अक्कांचं शेवटचं दर्शन आहे ते त्याच्या आधीचं, दौंड स्टेशनवरचं.

त्या भुसावळला निघाल्या होत्या. सकाळची गाडी. "एकटीच जानार हाय, बघायला या," असा फोन आला म्हणून मी शिरूरहून गेले. आप्पा सोबत यायला तयार होते, पिशवी भरून तयार होते, पण अक्कांनी नको म्हटलं. नवं लुगडं, हातात मंगलच्या पोरांसाठी लाडवांचा डबा. गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. आम्ही दोघं खाली फलाटावर. आप्पा खिडकीच्या गजांना धरून सूचना देत होते: मधे कुठं उतरू नको, डबा सांभाळ, पोचली की फोन कर, मंगलला म्हणावं स्टेशनात लवकर यायचं. अक्का प्रत्येकाला मान हलवत होत्या. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बाई, शिरूरला पवायला जागा हाय का न्हाई?" मी म्हटलं, शोधते. त्या हसल्या.

गाडी सुटायला वेळ होता. आप्पांना आठवण झाली की पाण्याची बाटली राहिली. ते धावत जाऊन घेऊन आले. मी त्यांच्याकडं बघत होते. दोघं परत खिडकीकडं वळलो तर अक्कांचं डोकं गजाला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, डबा मांडीवर, दोन्ही हात त्यावर सैल पडलेले. गाढ झोपल्या होत्या.

आप्पांनी बाटली आत द्यायला हात उचलला आणि तो तसाच थांबवला. समोर बसलेल्या बाईंना त्यांनी खुणेनं जवळ बोलावलं, बाटली त्यांच्या हातात दिली आणि ओठावर बोट ठेवलं. इतक्या हळू आवाजात ते बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"झोपलीया," ते म्हणाले. "उठवू नका."

गाडी हलली.